डावी सीट

आमच्या ह्यांनी आयुष्यात चार गाड्या पाळल्या. पाळल्या हाच शब्द बरोबर आहे. लोक गाडी वापरतात. हे तिला अंघोळ घालायचे, तिच्याशी बोलायचे आणि सुट्टीच्या दिवशी तिला फिरायला न्यायचे. चारही गाड्या वेगवान, चारही गाड्यांत डाव्या सीटवर मी, आणि चारही गाड्यांत माझ्या पायाखालच्या मॅटला भोक. नसलेला ब्रेक दाबून दाबून पडलेलं. गॅरेजवाला दर वेळी म्हणायचा, "वहिनी, गाडी साहेब चालवतात आणि झिजता तुम्ही."

पहिली लाल, दोन दारांची, लग्नाआधीपासूनची. ती घेऊन हे मित्राबरोबर डोंगरातल्या शर्यतींत उतरायचे. तसल्या शर्यतीत एकजण चालवतो आणि दुसरा शेजारी बसून पुढचा रस्ता मोठ्याने वाचत जातो. डावं वळण, मग चढ, मग अरुंद पूल. चालवणाऱ्याने हात चाकावर आणि कान शेजारच्याकडे ठेवायचे. एकदा मित्राकडून दोन पानं एकदम उलटली गेली आणि गाडी पुलाऐवजी ओढ्यात गेली. ह्यांना खरचटलंसुद्धा नाही, मित्राचा खुबा मोडला. तो शुद्धीवर आला तेव्हा हे पलंगाशी उभे होते. म्हणाले, "सांगितलं का नाहीस?"

हे मला त्या मित्रानेच आमच्या लग्नात सांगितलं, काठी टेकत, हसत हसत. "वहिनी, एक लक्षात ठेवा. ह्याच्या डावीकडे बसलात की सगळी जबाबदारी तुमची." मीही हसले. नव्या नवरीला सगळंच गमतीचं वाटतं.

दुसरी चंदेरी. मुलाच्या वेळी कळा सुरू झाल्या, तर ह्यांनी मला इतक्या लवकर दवाखान्यात पोचवलं की डॉक्टर अजून घरी दाढी करत होते. तिसरी निळी, आणि खोटं कशाला बोलू, ती मलाही आवडायची. तळ्याकाठच्या मोकळ्या रस्त्यावर काचा खाली करून हे तिला सोडायचे तेव्हा माझा अंबाडा सुटायचा, आणि ते सुटणं हवंहवंसं वाटायचं. ह्यांचा डावा हात गिअरवर असायचा. मी माझा हात त्यावर ठेवायचे आणि दुसऱ्या हाताने दाराची मूठ घट्ट धरायचे.

आणि तोंड चालू असायचं. मी शाळेत चौथीच्या वर्गाला शिकवायचे, श्रुतलेखन घालायचे. माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत खणखणीत जायचा. गाडीत बसले की तोच आवाज लागायचा. "समोर ट्रक. डावीकडून सायकल येतेय. अहो, शाळा आहे, पोरं सुटली असतील, हळू!" हे रेडिओ मोठा करायचे. म्हणायचे, "गाडीला चार ब्रेक आहेत, तुझ्या तोंडाला एकही नाही." मुलगा मागच्या सीटवर खिदळायचा. घरात माझ्या ओरडण्याची गोष्ट लांडगा आला रे आला अशी झाली होती. लांडगा कधीच आला नाही, कारण हे खरोखरच उत्तम चालवायचे.

चौथी काळी, निवृत्तीनंतरची. ही सगळ्यात वेगवान. आणि हिच्यातच, तीनेक वर्षांपूर्वी कधीतरी, रेडिओ बंद झाला.

मला ते लगेच उमगलं नाही. एवढंच जाणवलं की हे आता माझं ऐकतात. बँकेत जायचं असो, भाजी आणायची असो, मला बरोबर नेतात. "चल गं, एकट्याला कंटाळा येतो." जाऊबाईंनी चिडवलंसुद्धा, "म्हातारपणी नव्याने लग्न झालंय वाटतं!" मी लाजले होते. चाळीस वर्षांनी का होईना, नवऱ्याला बायकोच्या बोलण्याची किंमत कळली, असं वाटून मी आतून फुलून गेले होते. ते आठवलं की आजही मला माझाच राग येतो.

मग माझ्या स्वरयंत्रावर गाठ निघाली. शिकवणाऱ्यांना होते तसली, साधी. ती काढली आणि डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "दोन आठवडे एक शब्दही नाही. कुजबुजसुद्धा नाही. नाहीतर आवाज परत येईलच असं मी सांगू शकत नाही." ह्यांनी विनोद केला, "डॉक्टर, जरा मुदत वाढवून द्या की." सगळे हसले.

दवाखान्यातून निघालो. दुपारची वेळ, लख्ख ऊन, रस्ता ओळखीचा. मी तोंड मिटून बसले होते आणि आयुष्यात पहिल्यांदाच ह्यांच्या शेजारी बसून नुसती बघत होते. हे मान सारखी इकडून तिकडे फिरवत होते, कोंबडी फिरवते तशी. चौकात डावीकडून एक बाई सायकलवरून आली. पिवळं जाकीट, पुढच्या टोपलीत पाव. मला वाटलं, हे थांबतील. गाडी जात राहिली. मी डॅशबोर्डवर दोन्ही हात आपटले. ह्यांनी ब्रेक मारला आणि त्या बाईचं पुढचं चाक आमच्या बंपरला घासून गेलं. ती खाली पाय टेकून उभी राहिली, पांढरीफटक पडलेली.

हे माझ्याकडे वळले. चेहरा लालबुंद. "सांगितलं का नाहीस?"

मी गळ्यावर बोट ठेवलं. तेव्हा कुठे त्यांना आठवलं. उरलेल्या वाटेवर गाडी दुसऱ्या गिअरच्या वर गेली नाही.

त्यानंतर मी घरात नजर ठेवायला लागले. मुकं झालं की एक सोय होते, आपण आलो-गेलो ते कोणाला कळत नाही. हे दाराच्या चौकटीला खांदा घासून जायचे. ताटाच्या डावीकडे ठेवलेला चमचा चाचपायचे. एका सकाळी हे खिडकीपाशी पेपर वाचत बसले होते, अगदी बारीक अक्षरातल्या जाहिराती. मी मागून जाऊन उभी राहिले आणि माझा हात त्यांच्या डाव्या कानाशेजारी धरून हलवला. काही नाही. हात पुढे नेला, गालाशेजारी. काही नाही. आणखी पुढे. माझी बोटं जवळजवळ पेपरवर आली तेव्हा ते दचकले. "काय गं, माशी होती का?" मी मान हलवली. हो, माशी. मग उजव्या बाजूने करून बघायचं धाडस मला झालं नाही.

समोरचं ह्यांना लख्ख दिसत होतं. कडेचं जग मिटलं होतं. आणि त्या मिटलेल्या जागेत मी बसले होते, तोंडाची टकळी चालू ठेवून, तीन वर्षं.

नातीची जुनी पाटी मी बोलण्यासाठी घेतली होती. तिच्यावर लिहिलं: तुम्हाला बाजूचं दिसत नाही. ह्यांनी वाचलं. अंगठ्याने पुसलं, नीट, कोपऱ्यांतसुद्धा. "ऊन डोळ्यांवर होतं," म्हणाले आणि गाडी पुसायला गेले.

मुलगा वरच्या मजल्यावर राहतो, बायको आणि मुलीसह. त्याच्यापुढे पाटी धरली तर तो हसलाच. "आई, बाबा झोपेतही चालवतील. लायसन्सचं नूतनीकरण झालं तेव्हा मीच बरोबर होतो. शेवटच्या ओळीपर्यंत सगळी अक्षरं घडाघड वाचली त्यांनी." मी लिहिलं, समोरची. तो म्हणाला, "मग रस्ता कुठे असतो, पाठीमागे?" सासूची सवय सुनेलाही माहीत होती. जन्मभर गाडीत ओरडणारी बाई आता पाटीवर ओरडत होती, एवढंच. लांडगा खरोखरच आला होता आणि माझ्याकडे हाक नव्हती.

शनिवारी नातीची पोहण्याची स्पर्धा होती, डोंगरापलीकडच्या गावात. तिला सगळे मासोळी म्हणतात. वय दहा, बडबड माझ्यासारखी आणि वेगाचं वेड आजोबांचं. स्पर्धेला काळ्या गाडीतून आजोबाच नेणार, हे कधीचं ठरलेलं होतं. आदल्या संध्याकाळी ती माझ्याजवळ पोहण्याची पिशवी भरत बसली होती.

"आजी, तू नाही आलीस तरी चालेल. मी आहे ना," ती म्हणाली. "आजोबांनी मला शर्यतीतला खेळ शिकवलाय. जे दिसेल ते ओरडून सांगायचं. सायकल एक पॉइंट, माणूस दोन, ट्रक तीन. परवा क्लासहून येताना माझे बावीस झाले. एक कुत्रा राहिला, तर आजोबा केवढे चिडले!" मग तिने माझ्या कानाशी तोंड आणलं. "कोणाला सांगायचं नाहीये. टीमचं गुपित आहे."

मी तिचा टॉवेल घडी करत होते. तो तसाच हातात राहिला.

म्हणजे ह्यांना माहीत होतं. उन्हाची सबब मला सांगितलेली. स्वतःशी ते खोटं बोलत नव्हतेच. त्यांनी हिशोब करून एक आवाज बंद पडल्यावर दुसरा बसवला होता, फ्यूज बदलावा तसा. दहा वर्षांच्या पोरीच्या लक्ष असण्या-नसण्यावर ते घाट उतरणार होते. आणि काही झालं, ती एखादं फुलपाखरू बघत राहिली आणि काही झालं, तर जगली-वाचली तरी जन्मभर ते एक वाक्य तिच्या कानात राहणार होतं.  इतकी वर्षं मी त्यांच्यावर चिडले होते, रुसले होते. पण मला त्यांची भीती त्या संध्याकाळी पहिल्यांदा वाटली.

किल्ली लपवली असती, तर दुसरी त्यांच्याकडे होती. मुलाला पाटी दाखवून झाली होती. तो डोळ्यांनी बघितल्याशिवाय मानणाऱ्यातला नाही, बापावर गेलाय.

शनिवारी सकाळी गाडी अंगणात उभी होती, तोंड फाटकाकडे. फाटक सताड उघडं. मुलगा पायरीवर चहाचा कप घेऊन निरोप द्यायला उभा. सून डबा देऊन आत गेली होती. मासोळी डाव्या सीटवर, माझ्या सीटवर, पिशवीत डोकं घालून पोहण्याचा चष्मा शोधत होती. ह्यांनी सीट पुढे घेतली, आरसे नीट केले. हे हळू सुटणाऱ्यातले नाहीत, कधीच नव्हते. चावी फिरली की गाडी फाटकाबाहेर.

मी भिंतीच्या कडेने गेले आणि डाव्या चाकाच्या पुढे, फाटकाच्या खांबाला लागून उभी राहिले. लाल स्वेटर घातला होता, मुद्दाम. दिवस स्वच्छ होता. मला काचेतून त्यांचा चेहरा दिसत होता आणि ते सरळ पुढे बघत होते, तरुणपणी बघायचे तसे, ओठ घट्ट मिटून. देखणे दिसत होते. मुलगा पायरीवरून म्हणाला, "आई, बाजूला हो," सहज, कारण त्याला वाटलं बाबांनी मला बघितलंय.

इंजिन सुरू झालं. मी हलले नाही.

गाडी आली. उडी मारल्यासारखी आली, तिच्या सवयीप्रमाणे. गाडीतून मासोळीची किंकाळी ऐकू आली, "आजीऽऽ!" टायर करकचले. बंपर माझ्या गुडघ्याला लागला आणि मी खांबावर आदळून खाली बसले. तोंडातून आवाज निघाला नाही. निघू दिला नाही.

तेवढ्या शांततेत ह्यांचा आवाज अंगणभर घुमला. "सांगितलं का नाहीस?"

आणि मासोळी, रडत, हुंदके देत, "पण आजोबा, खेळ फाटकाच्या बाहेर सुरू होतो ना! तुम्हीच म्हणालात! मला काय माहीत तुम्हाला आजी दिसत नाहीये!"

पायरीवर कप फुटला. मुलगा धावत आला तो आधी माझ्याकडे नाही, गाडीकडे. त्याने डावं दार उघडलं, मुलीला कडेवर उचललं, एवढी मोठी मुलगी, आणि मग वाकून आत हात घालून चावी काढून घेतली.  बापाकडे बघितलंही नाही.

स्पर्धेला ते तिघं सुनेच्या छोट्या गाडीतून गेले. माझा गुडघा सुजला होता, मोडला नव्हता. अंगणात काळी गाडी आडवीतिडवी उभी, आणि हे तिच्यात तसेच बसलेले, चाकावर हात ठेवून. बराच वेळ झाला तरी उतरेनात, तेव्हा मी लंगडत गेले आणि डाव्या सीटवर बसले. पाय आपोआप मॅटच्या भोकात गेला.

"तू होतीस कुठे?" त्यांनी विचारलं. मी खांबाकडे बोट केलं. त्यांनी पूर्ण मान वळवून खांब बघितला, मग गाडीचं नाक बघितलं. मधलं अंतर किती होतं ते त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं.

"आणि मी थांबलो नसतो तर?"

पाटी मी बरोबर आणली होती. लिहिलं आणि त्यांच्या समोर धरली, अगदी समोर, जिथे त्यांना लख्ख दिसतं तिथे.

मग मासोळीला तुमच्या शेजारी कोणी बसवलं नसतं.

त्यांनी वाचलं. अंगठा पुढे आला, पाटीच्या कडेवर थांबला. पुसलं नाही.