चादरमावशीचं वाकडं ठिगळ

या, असे जवळ सरकून बसा. गुडघ्याला गुडघा लागला तरी चालेल. आज चादरमावशीची गोष्ट ऐकवायची आहे, आणि ती लांबून ऐकण्यासारखी नाही.

इस्पितळाच्या तळघरात धुलाईखातं. तिथं फाटक्या चादरींना ठिगळं लावण्यात मावशीची बावीस वर्षं गेली. आणि आता तीच वरच्या मजल्यावर रुग्ण म्हणून आडवी. पोटात गाठ. डॉक्टर म्हणाले, उद्या सकाळी काढून टाकू. पण मावशी ऑपरेशनच्या कागदावर सही करेल तर शपथ! "चार वाजता परत येतो," म्हणून डॉक्टर गेले.

सून रडकुंडीला आली. "आई, करा ना सही. गाठ वाढतेय."

"वाढू दे. महिनाभर देवाला हाका मारतेय. ओ तरी देतो का तो? त्यानं मला टाकलं गं."

शेजारच्या खाटेवरची बाई तोंडावर पदर घेऊन हे सगळं ऐकत होती.

मावशी रागानं कुशीवर वळली, तर कमरेखाली काही टोचलं. चाचपून पाहिलं. ठिगळ! तेही तिरकं, एक कड उचललेली, टाके माकडानं घातल्यासारखे. मरणाची भीती गेली चुलीत.

"बोलाव त्या बुटकीला! मी महिनाभर नाही, तर हे धंदे?"

बुटकी म्हणजे धुलाईखात्यातली तिची जोडीदारीण. धापा टाकत तीन जिने चढून आली.

"कुठल्या आंधळीनं लावलं गं हे?"

बुटकीनं ठिगळ बघितलं आणि खाटेवर बसून पोट धरून हसत सुटली. "अगं बये, तुझंच आहे! निळा दोरा तुझ्याशिवाय कोण वापरतं?"

"माझं? मी रेघेत शिवते."

"डोळे उघडे असले तर! मशीन चालवता चालवता डोळे मिटतेस आणि पुटपुटतेस. शंभरदा ओरडले, एक दिवस बोट जाईल म्हणून."

"काय पुटपुटतात?" सुनेनं विचारलं.

"'देवा, हिच्यावर जो कोणी निजेल, त्याला एकटं सोडू नकोस.' ऐकून ऐकून मला पाठ झालंय. घरी भांडी घासतानाही तेच तोंडात येतं."

मावशीनं त्या निळ्या टाक्यांवरून बोट फिरवलं. ज्याच्यासाठी इतकी वर्षं मागत आली, तो माणूस तिनं कधी पाहिला नव्हता. आज दिसला: केस विस्कटलेला, नाकाचा शेंडा लाल, एका सहीला घाबरून बसलेला. दयाळू आहे हो देव! तिनं हाक मारायच्या कितीतरी आधी ती हाक त्यानं तिच्याच तोंडून वदवून घेतली होती.

मावशी रडली, मग हसली, मग नाक पुसून म्हणाली, "पेन कुठाय?"

चारला डॉक्टर आले. सही तयार होती. "फक्त एक करा," मावशी म्हणाली, "टाके डोळे उघडे ठेवून घाला."

गाठ निघाली. आज मावशी सुनेच्या खांद्याला धरून व्हरांडाभर चालली आणि लादी नीट पुसली नाही म्हणून दोघांना बोलूनही आली. परतली, तर शेजारच्या बाईनं तिचा हात धरला.

"मावशी, उद्या माझं ऑपरेशन. मला देवाकडे मागता येत नाही हो. तुम्ही मागाल?"

मावशी तिच्या खाटेवर टेकली आणि डोळे मिटून पुटपुटायला लागली, ती अजून उठलेली नाही. तुम्हीही आज हात जोडाल, तेव्हा त्या शेजारच्या बाईची आठवण ठेवा.