डोंगरातलं हवामान

"कसा हा ओ आज डोंगरात?"

दार पुरतं उघडायच्या आत रंभाने विचारलं. ताकाला जाऊन भांडं लपवायची तिला सवय नव्हती. दवाखान्यातली आयाची ड्यूटी संपली, की ती जिना चढताना पहिल्या मजल्यावर कॉर्नेलियसची बेल दाबायची, हवा विचारायची आणि वर आपल्या खोलीत निघून जायची.

"कोरडं. दिवसा ऊन, रात्री गारवा," कॉर्नेलियस म्हणाला. "दत्तारामला स्वेटर दिलाय ना?"

"दिलंय. पण घालीत तर शपथ!"

ती हसत वर गेली. कॉर्नेलियसने दार लावलं आणि कांदा चिरायला घेतला.

कॉर्नेलियस तुस्कानो मूळ वसईचा. इथे बहरीनच्या विमानतळावरच्या हवामान कचेरीत तो नकाशे भरायचा. टेलिप्रिंटरवर आखातभरच्या ठाण्यांचे आकडे यायचे, ते तो बारीक अक्षरात नकाशावर मांडायचा. अंदाज बांधायचा तो साहेब. ओमानच्या डोंगरांवरून त्याची पेन्सिल इतकी वर्षं फिरत होती, पण तिथला एक दगड त्याने पाहिला नव्हता. आणि बहरीनमध्ये डोंगर म्हणजे जबल दुखान, ज्याला वसईत कोणी टेकाडसुद्धा म्हटलं नसतं.

अठ्ठ्याहत्तर साली कंपनीने रंभाच्या नवऱ्याला, दत्तारामला, त्या डोंगरांत धाडलं. तिथे रस्त्याचं काम चाललं होतं आणि पाण्याच्या टँकरवर ड्रायव्हर हवा होता. सप्टेंबर संपता संपता साहेबाने डोंगराळ भागाचा 'ऑटम आउटलुक' सांगितला, कॉर्नेलियसने तो टाइप केला आणि संध्याकाळी उम्म अल हस्सम वस्तीतल्या त्या जिन्यात रंभाला तोंडी ऐकवला.

"ऑटम म्हणजे काय ता?"

"म्हणजे आपला दसरा-दिवाळीचा सीझन."

"मगे पाऊस गेलोच की!" रंभाचा चेहरा उजळला. कोकणात हस्त सरला की पाऊस सरला, मग सगळ्या जगातच तो सरत असणार.

आउटलुकमध्ये आणखी एक ओळ होती. दुपारनंतर शिखरांवर तुरळक गडगडाटी पाऊस, आणि कोरड्या ओढ्यांना अचानक पूर. खाली निळं आभाळ असतं, पाऊस वर कुठेतरी पडतो आणि पाणी न सांगता खाली येतं. हे सगळं कॉर्नेलियसच्या ओठांवर आलं होतं. पण तो उजळलेला चेहरा बघून त्याने ती ओळ गिळली. खोटं बोलला नाही, अर्धं बोलला. सज्जन माणसांची मजल तेवढीच.

मग रोजच ती विचारू लागली आणि रोज तो सांगू लागला. बायको, बेनिटा, गेल्यापासून त्याच्या घरी बेल वाजायची ती फक्त भाडं मागायला. कचेरीत साहेबाला नकाशा हवा असायचा, कॉर्नेलियस नव्हे. आता संध्याकाळी कुणीतरी त्याच्या तोंडाकडे बघत उभं राहायचं. त्याला ते फार आवडायचं. त्यात वावगं काही नव्हतं, तरी आवडायचं ते आवडायचंच.

ऑक्टोबरच्या अखेरीस एका दुपारी डोंगराच्या पायथ्याच्या ठाण्याकडून आधी विजांची खबर आली आणि मग पुराची. ओढ्याला पाणी आलं होतं, नवा रस्ता तुटला होता. दत्तारामचा कॅम्प त्याच ओढ्याच्या काठी होता.

संध्याकाळी बेल वाजली.

"कसा हा ओ आज?"

"कोरडं," कॉर्नेलियस म्हणाला. "म्हणजे... या ना आत, बसा रंभाबाय. चहा टाकतो."

ती आत आली नाही. तिने चौकट धरली.

"वायट हा ना?"

"कोण म्हणालं?"

"तुमीच. चांगला असता तेव्हा तुमी दारातच सांगतास. ढग आसले काय माका बसाक सांगतास, चाय ईचारतास. ह्या म्हयन्यात कितीदा ईचारल्यात! मी काय खुळी आसंय? माका बसूचा नाय. खरा काय ता सांगा."

इतके दिवस आपण हिच्यापासून पाऊस लपवतोय असं त्याला वाटत होतं, आणि ती रोज त्याचा चेहरा वाचून वर जात होती. त्याने सगळं सांगितलं. कॅम्पचं काही कळत नाही, हेही सांगितलं.

"आधी सांगूक होया होता," रंभा हळूच म्हणाली. "देवाक गाराणा तरी घातलंय असता."

या बोलण्यात राग असता तर त्याला बरं वाटलं असतं. त्याने बूट घातले, खाली जाऊन टॅक्सी धरली आणि पुन्हा कचेरी गाठली.

टेलिप्रिंटरवर नजीब होता. त्या लाइनवरून खासगी मजकूर पाठवायला सक्त बंदी होती. नोकरी गेली की व्हिसा गेला, हे दोघांनाही ठाऊक होतं. बाकीचे नाताळ-ईदेला दूरच्या ठाण्यांना गुपचूप शुभेच्छा पाठवायचे. कॉर्नेलियसने तेवढंही कधी केलं नव्हतं. त्याने कागदावर दोन ओळी लिहून पुढे सरकवल्या.

नजीबने वाचलं. "कॉर्नेलियस भाई, ये वेदर नहीं है."

"मालूम है."

"साब को पता चला तो खलास."

"नीचे मेरा नाम डाल. तेरा नहीं."

नजीबने एकदा त्याच्याकडे बघितलं, "इंशाल्ला" म्हटलं आणि टाइप करायला घेतलं.

कॉर्नेलियस घरी गेलाच नाही. उत्तर सकाळी आलं. पलीकडच्या ठाण्यावरच्या कुणा अनोळखी माणसाने कॅम्पवर जीप पाठवून चौकशी केली होती. टँकर वाहून गेला होता. दत्ताराम दरडीवर चढला होता. हात मोडला होता, पण माणूस जिवंत होता.

तो परतला तेव्हा रंभा त्याच्या दारासमोरच्या पायरीवर बसली होती, कालच्याच कपड्यांत.

"आहे. जिवंत आहे," तो लांबूनच म्हणाला.

तिने पदर तोंडात कोंबला आणि ती बराच वेळ रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "तुमी जेवलास काय?"

साहेबाने त्याला बोलावलं. आवाज न चढवता सांगितलं, की सिनियरची जागा आता विसर, आणि पुन्हा असं घडलं तर परतीचं तिकीट. कॉर्नेलियसने "येस सर" म्हटलं. कारण सांगितलं नाही. बाहेर आल्यावर त्याच्या लक्षात आलं, की आपल्याला जराही वाईट वाटलेलं नाही.

डिसेंबरात दत्ताराम परत आला. कंपनीने त्याला इथेच स्टाफच्या बसवर घेतलं. त्याने कॉर्नेलियसला वर जेवायला बोलावलं, सुरमईचा तुकडा स्वतः वाढला.

"भाऊ, तुमचा हवामान कायम कोरडा, आणि मी कायम ओलो!" म्हणून तो खदखदून हसला. रंभाही हसली. कॉर्नेलियस हसला. दत्ताराम उमदा माणूस होता, त्याचा जीव वाचला याचा कॉर्नेलियसला मनापासून आनंद झाला होता. आणि आतून वाईटही वाटत होतं, आणि त्या वाईट वाटण्याची लाज वाटत होती.

त्यानंतर बेल वाजली नाही. रंभा आता जिना भराभर चढायची, वर माणूस वाट बघत असायचा. यात चूक कुणाचीच नव्हती. काही दिवस कॉर्नेलियस त्या वेळेला उगीच दाराजवळ घोटाळला, मग त्याने ते सोडून दिलं.

जानेवारीत एके दिवशी नकाशा भरतानाच त्याला दिसलं, की संध्याकाळी शमाल सुटणार; उत्तरेचा वारा, अंगभर धूळ घेऊन येणारा. घरी आल्यावर तो पहिल्या मजल्यावर थांबला नाही, थेट गच्चीवर गेला. दोरीवर रंभाची दोन पातळं होती आणि दत्तारामची खाकी पँट-शर्ट. हवा अजून अगदी स्तब्ध होती. त्याने दोरीवरचे कपडे काढले, शर्टाच्या बाह्या आत घेऊन नीट घड्या घातल्या आणि तो त्यांच्या दाराशी आला. आत दत्ताराम पुराची गोष्ट पुन्हा रंगवून सांगत होता आणि रंभा मध्येमध्ये त्याला दुरुस्त करत होती.

कॉर्नेलियसने बेलकडे हात नेला, आणि मागे घेतला. घड्या उंबऱ्याशी ठेवल्या, उडू नयेत म्हणून त्यांच्यावर दाराबाहेरचा दत्तारामचा बूट ठेवला आणि तो खाली आपल्या खोलीत आला. दुसऱ्या खिडकीची कडी लावेपर्यंत वारा आलाच.