दोघींचे कागद

मिरजेच्या डॉक्टरांचं पथक दर बुधवारी माधवनगरच्या शाळेत यायचं, आणि बुधवार उजाडला की अंकिता सगळ्यांआधी शाळेत पोचायची. काम तसं तिच्याच अंगावर होतं. पालक समितीत बी.एस्सी. झालेली ती एकटी, म्हणून मुख्याध्यापकांनी तिलाच गळ घातली होती. ग्रंथालयातली कपाटं सरकवून एक कोपरा मोकळा करायचा, खिडकीला चादर लावायची आणि यादीतलं एकेक पोर वर्गातून बोलावून आणायचं, तेही "तुझ्याकडचं पुस्तक परत मागितलंय" असं सांगून. कुणाला वास लागता कामा नये, हा डॉ. सिमरन मुजावरांचा नियम. मुलांच्या मनाचे आजार वेळेत ओळखायचे आणि शाळेतच इलाज सुरू करायचा, असं काम घेऊन त्या सातारा-सांगलीच्या शाळांतून फिरत होत्या. पोरं बोलायला तयार असतात, दारात कोण उभं आहे एवढं मात्र आधी बघतात, असं त्या म्हणायच्या.

यादीत अठरा नावं होती. अंकिताच्या राजनंदिनीचं त्यात नव्हतं.

ते का नव्हतं, हे साऱ्या माधवनगरात फक्त त्या दोघींनाच ठाऊक होतं.

जूनमध्ये तिला पहिल्यांदा केस सापडले होते. राजनंदिनीच्या कंपासपेटीत, कोनमापकाखाली, बारीक काळे, एकाला एक लावून ठेवलेले. आधी वाटलं, ब्रशचे असतील. मग जेवताना तिनं लेकीच्या तोंडाकडे नीट पाहिलं. डाव्या भुवईचं टोक गायब. पंधरा दिवसांत अर्धी भुवई गेली. पोरगी आठवीत, बापाच्या हट्टानं सैनिकी शाळेच्या प्रवेशाची तयारी चाललेली. गणित सोडवताना उजव्या हातात पेन आणि डावा हात भुवईवर. उपटायची, बोटांत फिरवायची, ठेवून द्यायची. अंकिता काही बोलली, की "काय नाही गं आई," आणि हसायची. ते हसणं अंकिताला केसांपेक्षा जास्त भिववायचं. आताशा तर पोरगी काजळाच्या पेन्सिलीनं भुवई रंगवून शाळेला जायची, आणि इतकी बेमालूम रंगवायची की आजीला अजून पत्ता नव्हता.

ऑगस्टमध्ये पथक आलं, तेव्हा अंकिताला देवच पावला असं झालं. पहिल्या पालकसभेत तीच उठून बोलली होती. "फॉर्म खरा भरा. ताप लपवतो का आपण? मग हे कशाला लपवायचं?" टाळ्याही पडल्या होत्या.

फॉर्म दोन होते, एक आईबापांचा, एक मुलाचा. पंचवीस प्रश्न, पुढं तीन चौकटी: कधीच नाही, कधीकधी, नेहमी. घरी भरून आणायचे होते. रविवारी दुपारी अंकिता फॉर्म घेऊन बसणार, तोच नवऱ्याचा, जयराजचा, फोन आला. तो फौजेत हवालदार, पठाणकोटला.

"कसला फॉर्म?" त्यानं विचारलं. तिनं सगळं सांगितलं, भुवईचंसुद्धा.

"आगं, कागदावर काय येऊ दिऊ नगंस," तो म्हणाला. "आमच्या युनिटचा धुळा म्हाईत हाय न्हवं तुला? झोप लागत न्हाई, एवढंच बोलला डाक्टरला. मेडिकल क्याटेगरी खाली आली. हत्यार काढून घेतलं. आता स्टोअरला बसून घोंगड्या मोजतोय. बोलून बरं कर पोरीला, पायजे तर देवाला ने, पर कागद नगं. कागद जल्मभर मागं लागतो. उद्या पोरीच्या मेडिकलला निघाला म्हंजे?"

फोन स्पीकरवर होता. टेबलाच्या त्या बाजूला राजनंदिनी आपला फॉर्म भरत होती.

अंकितानं पेन उचललं. झोप नीट लागत नाही? कधीच नाही. स्वतःच्या शरीराला इजा करून घेतो/घेते? तिचा हात थांबला. पठाणकोटातला माणूस, प्रवेशाची तारीख, धुळाच्या घोंगड्या, सगळं एकदम डोळ्यांपुढं आलं. कधीच नाही. मग पुढचे प्रश्न सोपे गेले.

राजनंदिनीनं मान वाकडी करून आईचा कागद वाचला. तिनं स्वतःचा पेन्सिलीनं भरला होता. क्षणभर ती थांबली, मग खोडरबर घेऊन खोडू लागली. खसखस, खसखस, एकेक चौकट. काय खोडलं जातंय ते अंकिताला समोरून स्पष्ट दिसत होतं. शेवटच्या रकान्यातल्या 'नेहमी'च्या खुणा होत्या त्या. नको म्हण, बाई, हात धर तिचा, असं आतून कुणीतरी ओरडत होतं. पण तिनं ओढणीच्या टोकानं टेबलावरचा भुगा तेवढा गोळा केला आणि म्हणाली, "चहा घेणार?"

पुढं साबेरा भेटली. ती शेजारच्या गल्लीतली, नवऱ्याचं गाद्यांचं दुकान. तिचा झिशान महिनाभर शाळेत जायचं नाव काढत नव्हता.

"वैनी, तुमी सभेत बोलला म्हनून मी समदं खरं लिवलं बगा," ती म्हणाली. "आमचे हे लय भडकले. म्हनले, पोराला येडा ठरवती काय? मी म्हनलं, अंकिता वैनी शिकलेल्या हायत, त्या का खोटं सांगतील?"

झिशानचं नाव यादीत पहिलं आलं. दिवाळीपर्यंत तो सायकलवरून शाळेला जाऊ लागला. कधी रस्त्यात दिसला की अंकिता तोंड फिरवायची. पोराचा काय दोष, पण तिला बघवायचं नाही.

जानेवारीतल्या एका बुधवारी डॉक्टर फाइल आवरत म्हणाल्या, "अंकिताताई, आजचा आमचा शेवटचा दिवस. सोमवारपासून खंडाळा तालुका. तिकडं नऊ शाळा आहेत आणि एकही समुपदेशक नाही. इथल्या अठरा मुलांची सोय मिरजेला लावून दिलीय."

"माझी एकोणिसावी घ्या," अंकिता म्हणाली. आवाज तिला स्वतःलाच परका वाटला. "मी फॉर्म खोटा भरला. तिनंही माझं बघून भरला."

डॉक्टर रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या फक्त खुर्चीत परत बसल्या. "बोलवा तिला."

दहा मिनिटं राजनंदिनी त्या चादरीमागं होती. अंकिता कपाटाला टेकून उभी. आतून फक्त लेकीचा आवाज यायचा, खणखणीत, पाठांतराच्या स्पर्धेतल्यासारखा. "नाही मॅडम. झोप छान लागते. आई उगीच काळजी करते."

ती वर्गात गेल्यावर डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली. "भुवई दिसली मला. मिरजेला बालमानसोपचार विभागात जा, मी फोन करते. पण एक सांगू? तिला पक्कं कळलंय की खरं बोलायचं नसतं. आणि ते तिला परक्या माणसाकडून कळलेलं नाही. आता वेळ लागेल. किती, ते मला सांगता येत नाही."

मिरजेची तारीख मार्चमधली मिळाली. तोवर उजवी भुवईही गेली आणि पापण्यांना सुरुवात झाली. अंकितानं जयराजला कळवलं नाही. मिरजेच्या तारखेच्या पंधरा दिवस आधी सैनिकी शाळेच्या प्रवेश परीक्षेचा निकाल लागला होता. राजनंदिनी पास झाली होती, मेडिकल तेवढं बाकी होतं.

ओपीडीच्या बाकावर दोघी बसल्या. नर्सनं दोघींच्या हातात एकेक फॉर्म दिला. तेच पंचवीस प्रश्न.

या खेपेला अंकितानं सगळं लिहिलं. 'नेहमी', 'नेहमी', पुन्हा 'नेहमी'. चौकटींत मावेना तेव्हा कडेला लिहिलं, जूनपासून, कंपासपेटीतल्या केसांपासून. लिहिता लिहिता कागद मुद्दाम लेकीच्या बाजूला सरकवला, तिला दिसावा म्हणून.

राजनंदिनीनं तो पाहिला, वरपासून खालपर्यंत. मग आपल्या कागदावर डावा हात आडवा धरला आणि बाकावर वीतभर पलीकडं सरकली.

"असं कशाला लिहितेस?" ती हळूच म्हणाली. "मेडिकलला निघेल ना."

"निघू दे."

"बाबांना माहितीय?"

अंकितानं पेनाला टोपण लावलं. राजनंदिनीनं मान हलवली आणि फॉर्म पुरा केला. पेननं, एका सरळ रेघेत, 'कधीच नाही'च्या चौकटींतून पंचविसाव्या ओळीपर्यंत.

नाव पुकारलं गेलं. तिनं खिडकीच्या काचेत पाहून बोटानं काजळाच्या भुवया नीट केल्या. अंकिता उठली तशी म्हणाली, "तू बाहेरच थांब."

दार लागलं. अंकिता दोघींच्या पर्सचे बंद धरून बसून राहिली. काही वेळानं आतून लेकीचा आवाज आला, तसाच खणखणीत, आणि मग ते हसणं.