दुसरा कटोरा

जेवणं आटोपली की वाळवंटाकाठच्या नुआकशॉट शहरातली घरं दुपारभर आडवी होतात. मुनीनाच्या घरातही सगळे चटयांवर लवंडले होते. नवरा यहदीह पगडीचं टोक तोंडावर ओढून झोपला होता, पावसाळा सोडून एरवी लेकीकडेच राहणारी आई तसलम उशीला टेकून चहाचा तिसरा पेला चाखत होती, आणि नऊ वर्षांची तुतू उताणी पडून घोरत होती. मुनीना मात्र लेकीजवळ बसून होती. घोरणं मध्येच थांबायचं, छाती हलायची नाही, आणि मुनीना मनात मोजायला लागायची. आज चौदापर्यंत गेली. पंधराव्याला तुतूने पाण्यातून वर आल्यासारखा श्वास घेतला आणि पुन्हा घोरू लागली.

"किती मोजशील?" तसलम म्हणाली. "घोरते म्हणजे भरल्या घरची पोर आहे."

"आई, तिचा श्वास अडकतो."

"अडकतो आणि सुटतो. तू तिच्याएवढी होतीस तेव्हा नुसती काडी. बायका मला विचारायच्या, तसलम, हिला वाळू खायला घालतेस काय गं?" म्हातारी हसली. "तीन दिवसांनी तंबूकडे न्यायला गाडी येईल. पावसाळाभर माझ्याजवळ राहिली की बघ कशी होते ती."

आईपुढे मुनीनाची जीभ कधी उचललीच नव्हती.

तसलमच्या हाताला यश आहे असं सगळं गणगोत म्हणायचं. दरवर्षी पाऊस पडून वाळवंटात गवत आलं, सांडण्यांना दूध उतरलं, की सात-आठ वर्षांपासूनच्या मुली तिच्या तंबूत पाठवल्या जात. दिवस उजाडताना एक कटोरा दूध, दुपारी एक, सूर्य कलताना एक, आणि मध्ये बाजरीची लोणी घातलेली पेज. कटोरा म्हणजे लाकडाचा, दोन्ही हातांनी उचलावा लागेल एवढा. जी तोंड फिरवील तिच्या पायाचा अंगठा दोन काठ्यांच्या चिमट्यात. ओकली तर पुन्हा पाजायचं. मुलगी भरली म्हणजे बापाची मान वर, रोड राहिली तर तिच्याशी लग्न कोण करणार? शहरात कुणालाही विचारा, सांगतील की ही जुनी गोष्ट झाली, आता कुठे कोण असं करतं. सांगताना डोळ्यांत बघत नाहीत एवढंच.

तुतूला डॉक्टरकडे नेलं ते शाळेमुळे. जिना चढताना ती पांढरी पडून पायरीवरच बसली आणि बाईंनी चिठ्ठी पाठवली. डॉक्टर सालका पन्नाशीची, अंगभर गुंडाळायचा निळा मलहफा डोक्यावरून घेतलेली, हळू बोलणारी बाई. वजनकाट्यावर एकसष्ट किलो दिसले तेव्हा मुनीनाला वाटलं, आता बोलणी खायची. डॉक्टर रागावली नाही. तिने विचारलं, "घरात दूध कोण ओततं? साखर कोण घालतं? संध्याकाळी तुम्ही सगळे काय करता?"

"बसतो," मुनीना म्हणाली.

"मग आता उठा. मी एकट्या पोरीला तपासत नाही, मुनीना. घराला तपासते."

त्या दिवसापासून दुधातली साखर गेली. सांजेनंतरचं दुसरं जेवण बंद झालं. टीव्हीपुढची भाताची परात उचलली गेली आणि सगळं घर ऊन उतरल्यावर समुद्राकडे चालू लागलं. यहदीह पहिले आठ दिवस कुरकुरला, "मी काय उंट आहे का, उगाच इकडून तिकडे जायला?" पण तुतू खेकड्यांमागे धावते आणि धाप लागली तरी हसते हे बघून तोच चपला शोधायला लागला. दर पंधरवड्याला डॉक्टर सालका विचारायची, काय जमलं, काय नाही जमलं, का नाही जमलं. चार महिने मुनीनाने सगळं इमानेइतबारे केलं. आणि काटा खाली यायच्याऐवजी वर गेला. एकसष्टचे चौसष्ट झाले.

"पुढच्या वेळी घरातल्या सगळ्यांना आणा," डॉक्टर म्हणाली होती. "आजीलासुद्धा."

म्हणून त्या दुपारनंतर दुसऱ्या दिवशी दवाखान्यात सगळे होते. तसलम खुर्चीत मावेना म्हणून नर्सने बाकडं आणलं आणि ती त्यावर पाहुणीसारखी ऐटीत बसली. डॉक्टरने तुतूचा सदरा वर केला. पोटावर जांभळट रेघा उमटल्या होत्या, कातडं आतून उसवल्यासारख्या. चेहरा गोल गरगरीत, मानेमागे गोळा आणि हातपाय मात्र बारीक. डॉक्टरने ते दंड दोन बोटांत धरून पाहिले.

"तुतू, तुला कोणी गोळ्या देतं का गं?"

"आजी देते," तुतू सहज म्हणाली. "पांढरी, छोटी. खजुरात घालून देते."

ईदच्या आधी मेंढ्या फुगवायला चारतात त्या गोळ्या. बाजारात बायका त्या पदराआडून विकतात हे मुनीनाला ठाऊक होतं. आपल्या घरात त्या येतील असं मात्र तिला वाटलं नव्हतं. डॉक्टरने तुतूला नर्सबरोबर अंगणात पाठवलं आणि दार लोटलं.

"दिल्या," तसलम म्हणाली. "लपवलं कुठे? मला कुणी विचारलंच नाही. तुम्ही पोरीचं दूध तोडलंत, मग मी काय करू? बघत बसू?"

"आजी, या गोळ्यांनी हिची हाडं पोकळ होतील. हृदयावर ताण येईल."

"आणि काठी लावली असती तर?" म्हातारीचा आवाज चढला. "माझ्या नातीला मी काठी लावली नाही. गोळी गिळली की झालं. रडणं नाही, ओकणं नाही. मला काय काळीज नाही?"

"नबगूहाला लावली होतीस," मुनीना म्हणाली.

सव्वीस वर्षांत हे नाव त्या कुटुंबात कोणी उच्चारलं नव्हतं. यहदीहलासुद्धा बायकोला एक थोरली बहीण होती एवढंच माहीत होतं, लहानपणी उन्हाने गेली म्हणून. मुनीनाने आईकडे पाहिलं नाही. तिने डॉक्टरच्या टेबलाकडे बघत सांगितलं, आणि सांगताना तिला वाटत होतं की हे कुणी दुसरीच बाई बोलते आहे.

"ती दहाची होती, मी आठची. एकाच तंबूत. मला दूध जायचं नाही. ती आधी आपलं संपवायची, आणि आई पुढच्या मुलीकडे वळली की माझा कटोरा ओढून तोही प्यायची. महिनाभर प्यायली. म्हणून माझ्या अंगठ्याला कधी काठी लागली नाही, आणि म्हणूनच मी काडी राहिले. त्या दुपारी तिचं पोट ताठ झालं होतं. ती मला म्हणाली, मुने, आज नको देऊस. तरी मी कटोरा तिच्याकडे सरकवला. कारण आई काठ्या घेऊन येत होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि प्यायली. सूर्य बुडायच्या आत गेली."

अंगणातून तुतूचं हसणं ऐकू येत होतं.

"तेव्हापासून माझ्या कानात घोट वाजतो," मुनीना म्हणाली. "कुणी पाणी प्यायलं तरी. तुतू झोपेत श्वास रोखते तेव्हा मला वाटतं, ही नाही, ती आहे. मी मारलं तिला, डॉक्टर. आणि इतकी वर्षं गप्प राहिले."

"मला माहीत होतं," तसलम म्हणाली.

तिने हे इतकं हळू म्हटलं की यहदीहने वळून पाहिलं.

"ती तुझा कटोरा पिते, मला दिसायचं. मी बघून न बघितल्यासारखं करायचे. शेजारच्या तंबूंत जाऊन सांगायचे, माझी थोरली दोन कटोरे पिते. ऐटीत सांगायचे मी." म्हातारीने मलहफ्याचं टोक तोंडावर ओढलं. "तू नाही गं मारलंस. तू आठ वर्षांची होतीस."

आईचा राग करावा की तिच्या गळ्यात पडावं हे मुनीनाला कळेना. ती दोन्हीपैकी काहीच करू शकली नाही. मग डॉक्टर सालकाने कागद पुढे ओढला. गोळ्या एकदम बंद करायच्या नाहीत, अंगाला त्यांची सवय झाली आहे, एकदम बंद केल्या तर जिवावर बेतेल. दर आठवड्याला किती कमी करायच्या हे तिने लिहून दिलं. चालणं, जेवण, झोप, सगळं आधीसारखंच चालू ठेवायचं. "तुमच्या चार महिन्यांत खोट नव्हती," ती मुनीनाला म्हणाली. "आता ते दिसायला लागेल. आणि पावसाळ्यात तंबूत पाठवायचं की नाही, ते मी नाही ठरवणार."

"नाही जाणार ती," मुनीना म्हणाली.

ठरल्या दिवशी गाडी आली. मागे गाद्यांवर सहा मुली दाटीने बसल्या होत्या. सगळ्यांत लहान सातची, तिच्या मांडीवर पाय तुटलेली बाहुली होती. गाडी हाकणारा होता तसलमच्या बहिणीचा मुलगा सीदाती. तसलम आतल्या खोलीतून बाहेरच आली नाही.

"तुतू येणार नाही," मुनीनाने त्याला सांगितलं. "आईसुद्धा येणार नाही."

"बरं," सीदाती म्हणाला. "मावशी नाही तर दुसरी कोणी पाजेल. तंबू काय तिच्या एकटीवर अडलाय?"

तो सहज बोलला, पण मुनीना तशीच उभी राहिली. आपली पोर वाचली म्हणून दार लावून घ्यायचं एवढंच तर उरलं होतं. तिने गाडीत मागे पाहिलं. मग चपला घातल्या आणि ती पुढच्या जागेवर चढून बसली.

"फिरव गाडी. या मुली जिथून घेतल्यास तिथे चल."

"आपा, माझा खोळंबा होतोय."

"माझा सव्वीस वर्षं झालाय. फिरव."

सहा दारं होती. प्रत्येक दारात मुनीनाने दवाखान्यात सांगितलं तेच सांगितलं, कटोऱ्यासकट, सरकवल्यासकट. पहिल्या दारात तिचा आवाज फुटेना, तिसऱ्यात ती रडली, पाचव्यात रडणंही संपलं होतं. चार आयांनी मुली उतरवून घेतल्या. एकजण तर मुलीला कवटाळून तिथेच खाली बसली, कुणाच्या आठवणीने ते तिने सांगितलं नाही. एका घरात आजोबांनी दार तिच्या तोंडावर लावलं. आणि एका आईने शांतपणे विचारलं, "तुझ्या मुलीला कोण करून घेतं ते बघूच. माझ्या मुलीचं वाटोळं कशाला करतेस?" त्या दोन घरांतल्या इझा आणि झैनबू परत गाडीत बसल्या. बाहुलीवाली झैनबू. गाडी वाळूच्या रस्त्याला लागली तेव्हा ती मागच्या काचेतून मुनीनाकडे बघत होती.

मुनीना तिथून तडक दवाखान्यात गेली.

"त्या मुली आपल्या नाहीत," डॉक्टर सालका ऐकून घेऊन म्हणाली. "उचलून आणता येणार नाहीत. पण तपासता येतील. पाजणारीशी बोलता येईल. त्यांच्या आयांशी मी इथे बोलेन, पुन्हा पुन्हा बोलेन. परवा मला सुट्टी आहे."

तिसऱ्या दिवशी सकाळी यहदीहने उसनी पिकअप दाराशी आणली. डॉक्टरने वजनकाटा मागे ठेवला आणि औषधांची पेटी मांडीवर घेतली. अडचण एकच होती. पाऊस जिकडे पडतो तिकडे मुक्काम हलतो, आणि यंदाचा तंबू नक्की कुठे असेल हे मुनीनाला किंवा यहदीहला सांगता येईना.

तेवढ्यात आतून तसलम आली. चार दिवसांत ती धड जेवली नव्हती, कुणाशी बोलली नव्हती. भिंतीला हात लावत ती पायऱ्या उतरली, यहदीहने आधार दिला तो तिने घेतला, आणि धापा टाकत ती पुढच्या सीटवर बसली.

"मी दाखवते," ती म्हणाली.

मुनीनाने तिच्या अंगावरचा मलहफा दारात अडकू नये म्हणून आत सारला. गाडी सुरू झाली. शहराची शेवटची घरं मागे पडेपर्यंत म्हातारी समोरच्या काचेतून बघत राहिली. मग मान न वळवता तिने मुनीनाला सांगितलं, "दुपारपर्यंत तीन बाभळी लागतील. तिथे थांबायला सांग. तुझी बहीण तिथे आहे. तुला मी कधी दाखवलीच नाही."

"थांबू," मुनीना म्हणाली. "आधी मुलींकडे जाऊ. येताना थांबू."

तसलमने मान हलवली आणि यहदीहला डावीकडे वळायला सांगितलं.