एकोणसाठावा दिवस

"हा रकाना कोरा का?" कंपनीच्या वकिलांनी जुन्या वहीवर बोट टेकवलं.

पट्टीकाकांनी चष्मा काढून पुसला, डोळ्यांवर चढवला आणि परत काढून पुसला.

"विसरलो असेन," ते म्हणाले.

मागच्या बाकांवर कुणीतरी फिसकन हसलं. सत्तावीस वर्षांच्या नोकरीत हा माणूस एक दिवस विसरला, हे त्याच्या वैऱ्यालाही पटलं नसतं. गावाबाहेरच्या पाणथळ जागेत एक खांब रोवलेला होता आणि त्यावर सेंटिमीटरच्या खुणांची पट्टी. रोज सकाळी होडी वल्हवत तिथवर जायचं, पाणी कोणत्या खुणेवर आहे ते बघायचं आणि वहीत लिहायचं, एवढीच काकांची नोकरी. पाऊस असो, थंडी असो, खाडा म्हणून नाही. लोक त्यांचं खरं नाव विसरले आणि पट्टीकाकाच म्हणायला लागले. नव्या माणसाला वाटायचं, हे पोरांना पट्टीनं बडवणारे मास्तर असणार.

"मॅडम, कायद्यातली व्याख्या सरळ आहे," कंपनीचे वकील समोरच्या सुनावणी अधिकारी बाईंकडे वळले. "आधारवर्षात, म्हणजे एकोणीस वर्षांपूर्वीच्या त्या वर्षात, जिथं सलग नव्वद दिवस किमान पंचवीस सेंटिमीटर पाणी उभं होतं, ती पाणथळ. आणि पोटकलम काय म्हणतं? ज्या दिवसाची नोंद नाही, तो दिवस कोरडा मानावा. इथं अठ्ठावन्न दिवस पाणी, मग एक दिवस कोरडा, मग एक्केचाळीस दिवस पाणी. नव्वद भरतात कुठं? ही साधी पडीक जमीन आहे. आम्हाला भराव टाकू द्या."

"एका दिवसात एवढं पाणी आटलं आणि दुसऱ्या दिवशी भरलं होय?" पाणथळीच्या बाजूनं लढणाऱ्या वकीलताई उसळल्या. "शेंबडं पोरही हसेल याला!"

"शेंबड्या पोरावर व्याख्या बंधनकारक नाही, माझ्यावर आहे," अधिकारी बाई म्हणाल्या. "नोंद नसेल तर दुसरा पुरावा आणा. त्या दिवशी तिथं पाणी होतं असं सांगणारा एक सरकारी कागद. तीन वाजेपर्यंत थांबते."

कोरडा! काकांना तो शब्द थोबाडीत बसल्यासारखा लागला. जगातल्या सगळ्या दिवसांत त्यांनी नेमका हाच दिवस निवडावा आणि त्याला कोरडा म्हणावं!

बाहेर व्हरांड्यात वकीलताईंनी त्यांना गाठलं. "काका, आठवून बघा ना. पूर, अपघात, काहीतरी? पोलिसांत, दवाखान्यात कुठं नोंद असेल?"

"बघतो," काका म्हणाले. बघण्यासारखं काहीच नव्हतं. कागद घरात होता, लोखंडी ट्रंकेच्या तळाशी. तो बाहेर काढला तर पाणी वाचणार होतं, पण बायकोशी एकोणीस वर्षं बोललेलं खोटं उघडं पडणार होतं.

त्या दिवशी काकांना सडकून ताप होता. बायको बहिणीकडे गेलेली. घरात सतरा वर्षांची मुलगी. तिच्या तोंडाला घटकाभर विश्रांती नसायची, म्हणून आई तिला टिटवी म्हणायची. "बाबा, तुम्ही पडा. पट्टी मी वाचून येते," ती म्हणाली. याआधीही तिला दोनचारदा त्यांनी पाठवलं होतं. खाडा नको, एवढाच त्यांचा हट्ट. "जा, पण लवकर ये," ते म्हणाले. येताना होडी कलंडली आणि तिचे पाय चिखलात रुतले. दुपारी लोकांनी तिला बाहेर काढलं. संध्याकाळी बायको धावत आली, तेव्हा काका बोलून गेले, "मला डोळा लागला होता. न सांगता गेली गं, होडी फिरवायला." एकदा बोललेलं खोटं मग गिळताही येईना आणि ओकताही येईना. दुसऱ्या दिवसापासून ऑफिसनं काही दिवस बदली माणूस पाठवला, त्यानं आपले आकडे लिहिले. एकोणसाठावा रकाना तेवढा राहिला. पोलिसांच्या पंचनाम्यामुळे, म्हणजे ट्रंकेतल्या त्या कागदामुळे, काकांना तो आकडा ठाऊक होता. पण लिहिला असता तर कुणीतरी विचारलं असतं, वाचला कोणी?

घरी जाणारी बस पाणथळीच्या काठानं जाते. काठावर मातीनं भरलेले ट्रक रांगेत उभे होते आणि ड्रायव्हर सावलीत पत्ते कुटत होते. तेही तीन वाजायचीच वाट बघत होते. गवतातून टिटवी ओरडली. गेली एकोणीस वर्षं ती ओरडली की काकांना वाटायचं, कुणीतरी आकडा सांगतंय आणि आपण लिहून घेत नाही आहोत.

बायको शेंगा सोलत बसली होती. "लवकर आलात? संपलं का?"

"नाही. एक कागद हवाय." आतल्या खोलीत जाऊन त्यांनी ट्रंक उघडली. जुने दाखले, फाटक्या पावत्या, तिची शाळेची प्रगतिपुस्तकं, सगळं जमिनीवर आलं. तळ दिसला. कागद नव्हता.

"तो तिथं नाही," बायको दारात उभी होती. तिनं कपाट उघडलं, स्वतःच्या कपड्यांच्या घडीखालून पिवळा पडलेला कागद काढला आणि त्यांच्या हातात दिला. "ट्रंकेत कसर लागली होती ना, तेव्हा काढून ठेवला."

काकांच्या तोंडचं पाणीच पळालं. "वाचलास?"

"वाचायची गरजच काय होती?" ती खाली बसली. "तिला शेवटची आंघोळ मी घातली. डाव्या तळव्यावर आकडा होता. एकशे बेचाळीस. तुमच्या ऑफिसच्या त्या पेनानं, पाण्याच्या नमुन्यांच्या बाटल्यांवर लिहायचं, पाण्यानं जात नाही ते. साबण लावला, घासला, तरी जाईना. होडी फिरवायला गेलेली पोर तळव्यावर आकडा कशाला लिहील हो?"

काका तिच्यासमोर बसले. "म्हणजे तेव्हापासून तुला..."

"तेव्हापासून."

"मग भांडलीस का नाही? दोन शिव्या तरी द्यायच्या होत्यास!"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले. आज सांगतील, उद्या सांगतील. मग वर्षं गेली. तुम्ही एक हटवादी, मी दुसरी."

काकांनी मान खाली घालून तिला सकाळचं सगळं सांगितलं. व्याख्या, नव्वद दिवस, कोरा रकाना. मग म्हणाले, "बुजवू देत ते पाणी. तुलाही तेच हवं असणार. एवढ्या वर्षांत तू कधी तिकडे फिरकली नाहीस."

"तुम्ही रोज जायचात म्हणून नाही फिरकले. तिथं समोरासमोर आलो असतो तर मला तोंड उघडावं लागलं असतं. आणि बुजवू देत काय? माझी पोर आहे त्या पाण्यात. घरात कुठं ती मला दिसत नाही." तिनं डोळ्यांना पदर लावला आणि झटकन उठली. "त्या दिवसाला कोरडा म्हणतायत? जीभ कशी रेटते मेल्यांची! चपला घाला. मी येते."

तीनला दहा मिनिटं कमी असताना दोघं पोचली. बायको मागच्या बाकावर बसली. वकीलताईंनी पंचनामा वाचायला घेतला. तारीख वाचली, ठिकाण वाचलं, छातीएवढं पाणी हे वाचलं. 'डाव्या तळव्यावर न पुसणाऱ्या शाईत एकशे बेचाळीस' इथवर वाचून त्यांनी कागद पुढं सरकवला आणि पुढचं अधिकारी बाईंनी स्वतः वाचलं.

कंपनीचे वकील उठले, पण सकाळची धार नव्हती. "माझ्या कामाचा भाग म्हणून विचारतो. हे वाचन घेतलं कोणी?"

"माझ्या मुलीनं," काका म्हणाले. वकिलांकडे त्यांनी पाहिलंच नाही. ते मागच्या बाकाकडे बघत होते. "ती आपणहून गेली नव्हती. मला ताप होता, मी पाठवलं. मी जा म्हणालो."

बायकोनं हळूच मान हलवली. तेवढ्यासाठी काका एकोणीस वर्षं जीव मुठीत धरून जगले होते.

"अठ्ठावन्न, एक आणि एक्केचाळीस," अधिकारी बाईंनी वहीत पेन्सिलीनं खूण केली. "सलग शंभर दिवस. व्याख्या पूर्ण होते. भराव टाकता येणार नाही. यांचा जबाब टाईप करून घ्या."

टायपिस्ट सकाळपासून असलेच जबाब बडवत होता. जेवणानंतर उशिरा आलेला, पंचनामा त्यानं ऐकलाच नव्हता. मान वर न करता त्यानं छापील रकाने भरायला घेतले.

"वाचन घेणाऱ्याचं तुमच्याशी नातं?"

"मुलगी."

"वय?"

"सतरा."

"तेव्हाचं नको हो काका. आत्ताचं सांगा."

काकांनी चष्मा काढून पुसायला घेतला. मागून बायको उठून त्यांच्या शेजारी येऊन उभी राहिली.

"सतराच," ती म्हणाली.

टायपिस्टनं मान वर केली. दोघांकडे पाहिलं. मग त्यानं दोन आकडे एकेका बोटानं, आवाज न करता टाईप केले.