बाळंतघरातलं सागवानी टेबल

मी मुळशीच्या बाळंतघरातलं टेबल बोलतंय. टेबल म्हटलं की तुम्हांला कागद, दौत आठवत असेल. माझ्या अंगावर माणसं जन्माला आली.

माझं लाकूड माझ्याहून म्हातारं. धरण झालं तेव्हा कोंडिबा सुताराचं घर पाण्याखाली गेलं. पाणी चढण्याआधी त्याच्या बापानं सागाच्या चार तुळया उतरवून घेतल्या. पुढे नवं घर बांधू, म्हणून कोंडिबानं त्या तीस वर्षं गोठ्याच्या माळ्यावर जपल्या.

सत्तावन्न साली पौडच्या आबेदाबाई इथं नर्स म्हणून आल्या. दोन खोल्या मिळाल्या, पण टेबल नव्हतं. भुईवर निजलेली बाई अडली, तर खाली वाकून त्यांना नीट काही करता येईना. त्या कोंडिबाकडे गेल्या.

"बाई, म्या नांगर करतो, गाड्या करतो. टेबल कधी केलं न्हाई."

"काय काय हवं ते मी सांगते. कसं करायचं ते तुम्ही ठरवा."

कोंडिबानं सुतळी घेतली आणि आबेदाबाईंच्या कोपरापासून जमिनीपर्यंत माप धरलं. तीच माझी उंची. पहिल्यांदा त्यानं मला सरळ पाय बसवले. सारवलेल्या भुईवर मी डुगडुगलं. दिवसभर तो माझ्यासमोर बसून राहिला. संध्याकाळी उतारावर चरणारा बैल पाय फाकून उभा दिसला, तसा उठला. दुसऱ्या दिवशी त्यानं माझे पाय बाहेर कलते केले, खाली आडवे दांडे घातले आणि खिळ्यांऐवजी लाकडी पाचरी ठोकल्या.

त्याची बायको गोजराबाई चिडली. "घराचं लाकूड देऊन टाकलं तुमी?"

"दोन तुळया गेल्या. दोन हायेत अजून."

पण वर्षभर माझ्यावर कुणी चढेना. बाळंतीण भुईवरच बरी, उंचावरून पडंल, असं बाया म्हणत. सगळ्यांत मोठ्यानं गोजराबाई म्हणे. आबेदाबाई माझ्यावर नुसत्या औषधाच्या बाटल्या मांडत.

मग श्रावणात गोजराबाईचीच लेक तुळजाबाई पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि अडली. दोन दिवस झाले. मूल पायाळू होतं. नदीला पूर, त्यामुळे पुण्याची वाट बंद. भर दुपारी तिला झोळीत घालून आणलं.

"टेबलावर घ्या," आबेदाबाई म्हणाल्या.

गोजराबाई आडवी आली. "पडली म्हंजे?"

बाटल्या बाजूला सारून कोंडिबा माझ्यावर चढला आणि टाचांनी दोनदा जोरात दणका दिला. मी हललं नाही. तो खाली उतरला. गोजराबाईनं बघितलं आणि लेकीच्या काखेत हात घातले. "घ्या," ती म्हणाली.

तासाभरानं मुलगी झाली. आधी निळी, गप्प. आबेदाबाईंनी पाठ चोळली, तेव्हा कुठं रडली.

त्यानंतर बाया येऊ लागल्या. कोणी बिचकली, की गोजराबाईच सोबत येई. "चढ गं. हितनं कुणी पडत न्हाई."

आता अडुसष्ट साल चाललंय. पुढच्या महिन्यात लोखंडी टेबल येणार आहे. मला पडवीत ठेवतील. माझ्यावर बाळांची वजनं होतील, देवीची लस टोचतील. मला ते आवडेल.

जाता जाता एक विनवणी. घरातली बाई अडली तर दोन दिवस थांबू नका. तुळजाबाई वाचली खरी. पण तो तासभर तिच्या आईची बोटं माझी कड किती घट्ट धरून होती, ते मलाच ठाऊक.