ऐकण्याचा पगार

कल्पना करा, तुमच्या हातात रेकॉर्डर आहे, समोर आजोबा बसलेत आणि तुम्हाला साधं ‘हं’ म्हणायचीही मनाई आहे. नुसती मान हलवायची. जमेल?

नऊ वर्षांच्या चिमणीने बटण दाबलं. लाल दिवा लागला.

तिची आत्या कोपऱ्यातल्या स्टुलावर ओठ मिटून बसली होती. बावीस वर्षं लोकांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करत तिने शहराचा इतिहास गोळा केला होता. बंद पडलेल्या काचकारखान्याचं तिने उभारलेलं प्रदर्शन सोमवारी उघडणार होतं. तिथे बाकी सगळ्या दालनांत कामगारांचे ध्वनिमुद्रित आवाज बोलत होते, भट्टीचं दालन तेवढं मुकं होतं. भट्टी सांभाळली होती तिच्याच बाबांनी, आणि तिच्यासमोर ते तोंड उघडत नव्हते. मागच्या खेपेला त्यांनी साल सांगितलं, तशी ती पटकन म्हणाली होती, “चौऱ्याहत्तर नाही बाबा, पंच्याहत्तर.”

“तुला सगळं ठाऊक आहे, तर मला कशाला विचारतेस?” असं म्हणून ते उठूनच गेले होते. म्हणून आज रेकॉर्डर चिमणीच्या हातात होता.

“आजोबा, भट्टी तापली हे कसं कळायचं?” चिमणीने विचारलं.

“रंगावरून. लाल म्हणजे अजून कच्ची. पिवळी धमक झाली की लागा कामाला! चौऱ्याहत्तर साली मी तिच्यावर लागलो...”

आत्याने जीभ दातांखाली धरली. आजोबांनी तिरक्या नजरेने तिच्याकडे पाहिलं. ती गप्पच आहे म्हटल्यावर ते खुर्चीत सैलावले.

“हिला नोकरी लागली ना, तेव्हा भट्टीवरचे सगळे मला चिडवायचे. ‘काय हो, तुमच्या पोरीला गप्पा मारायचा पगार मिळतो म्हणे!’”

आजोबा थांबले. चिमणीने नुसती मान हलवली.

“मी म्हटलं, बोलायचा नव्हे, ऐकायचा. तुमचं-माझं कुणी ऐकलंय का आजवर? माझी पोरगी ऐकते.”

आत्या खिडकी लावायला उठली. खिडकी बंदच होती.

“हे मला कधी बोलला नाहीत, बाबा.”

“तू बोलू दिलंस कधी?” आजोबा हसले.

आत्याही हसली, आणि परत स्टुलावर टेकली. “बाबा, मी पहिल्या दिवशी कामावर निघाले ना, तेव्हा...”

चिमणीने रेकॉर्डर अलगद उचलून आत्याजवळ ठेवला, लाल दिवा चालू आहे ना ते वाकून पाहिलं, आणि मान हलवत वाट बघत बसली.